मुकादमानं काढलेले त्रेसष्ट

२४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वर सांगितलं, वाजिदभाई, डोक्यात साठतंय ते रोज चार ओळी वहीत उतरवत जा. म्हटलं, मी गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा माणूस, मी काय उतरवणार? म्हणाले, शिव्या उतरवा. म्हणून ही वही.

पहिली शिवी ग्रुपला. ‘रक्तदाते सांगली-सातारा’. अकरा वर्षांमागं अम्मीच्या ऑपरेशनला कुणा अनोळखी माणसानं रक्त दिलं आणि नाव न सांगता निघून गेला. मी भावनेच्या भरात ग्रुप काढला. तेव्हा चाळीस माणसं होती. आता आठशे सत्तर आहेत, आणि त्यातली सातशे फक्त सुप्रभात म्हणायला जन्माला आली आहेत. दिवाळीचे चार दिवस नुसत्या पणत्या. परवा मिरजेहून एकाचा मेसेज होता, ए निगेटिव्ह तातडीनं पाहिजे. सकाळी दहाचा. मला दिसला तीनला, पणत्यांच्या ढिगाखाली. तोवर त्यांनी कोल्हापूरहून आणलं होतं. पेशंट वाचला, पण त्याच्या भावानं फोनवर मला जे ऐकवलं ते योग्यच होतं.

आसिया म्हणते, त्या फोनशीच निकाह लावायचा होता. तिच्याशी भांडायचंही त्राण नाही.

२९ ऑक्टोबर

राजनंदिनी मॅडम दुकानात आल्या होत्या. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि आपल्या ओ निगेटिव्हवाल्या आहेत. स्कूटरची सीट फाटली होती. मी शिवेपर्यंत त्यांनी बाकावर बसून ग्रुपाला बॉट बसवला. बॉट म्हणजे माणूस नाही, प्रोग्रॅम. आपण नियम सांगायचे आणि तो दिवसरात्र राखण करणार. फालतू मेसेज पुसणार, रात्री ग्रुप बंद करणार, नव्या माणसाला रक्तगट विचारून आत घेणार, नको त्याला बाहेर काढणार.

“नियम सांगा,” म्हणाल्या.

मी भराभर सांगितले. पणती, फूल, देव, पुढारी आला की पुसायचं. तीनदा झालं की बाहेर. दर महिन्याच्या एक तारखेला हजेरी: ‘रक्तदानास तयार असल्यास १ पाठवा’. दहा दिवसांत जो पाठवणार नाही तो बाहेर.

“काढल्यावर त्याला मेसेज जाईल. त्यात कारण लिहायचं?”

म्हटलं, कारण दिलं की वाद आला. नको.

“तुमचा नंबर? काही विचारायचं असेल तर.”

म्हटलं, मॅडम, त्याच नंबरापायी तर हे औषधपाणी चाललंय.

काढायचा मेसेज मीच लिहून दिला, दोनदा खोडून: ‘आपले नाव रक्तदात्यांच्या यादीतून काढण्यात आले आहे. यापुढे आपणास रक्तदानासाठी बोलावण्यात येणार नाही. या संदेशास उत्तर देऊ नये.’ सरकारी वाटलं पाहिजे, म्हणजे कुणी उलट बोलत नाही. मॅडमनी तो दोनदा वाचला. मग टाकला.

२ नोव्हेंबर

लोकांनी बॉटचं नाव मुकादम ठेवलं. काल त्यानं एकशे बारा मेसेज पुसले. दुपारी दोन वाजता फोन टेबलावर होता आणि वाजत नव्हता. मी उचलून बघितला, बंद पडला की काय.

७ नोव्हेंबर

सृष्टीला रक्त दिलं. आठ वर्षांची पोर, थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकतच नाही, दर तीन-चार आठवड्यांनी पिशवी लागते, तीही ओ निगेटिव्ह. तिच्यासाठी चार माणसांची पाळी लावून ठेवलीय: मॅडम, पुण्याचा साईराज, मिलिटरीतून रिटायर झालेले भाऊसो आणि बिराप्पा. एकानं दिलं की पुढं तीन महिने त्याला देता येत नाही, म्हणून चारही लागतात. एक जरी गळाला तर तिची आई संयोगिता माझ्या दुकानासमोर येऊन उभी राहते. काही बोलत नाही, नुसती उभी राहते. त्यापेक्षा शिव्या दिलेल्या परवडल्या.

आज पाळी बिराप्पाची. माणदेशातला मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतो आणि शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवतो. सध्या भिलवडीकडं आहे. वाचता येत नाही, पण आवाज पाठवला की ऐकतो. ‘बिराप्पा, शुक्रवारी ये रं’ एवढं म्हणायचं, शुक्रवारी पटका बांधून हजर. सहा वर्षांत एकदाही चुकला नाही.

रक्तपेढीत नवी बाई आहे. तिनं त्याला फॉर्म वाचून दाखवला, की तुमचं रक्त तपासलं जाईल आणि त्यात काही आजार निघाला तर तुम्हाला एकट्यालाच गुपचूप कळवू. तो मला बाहेर आल्यावर विचारतो, “मेस्त्री, काय निगतंय वं त्यात?”

म्हटलं, तुझ्या रक्तात लोकर निघंल. हसला. चहाबरोबर दोन वडे खाल्ले आणि गेला.

११ नोव्हेंबर

हजेरीची मुदत संपली. मुकादमानं एका झटक्यात त्रेसष्ट माणसं काढली. मॅडमनी यादी पाठवलीय. बघितली नाही. अकरा वर्षांत मला एक माणूस काढायचा म्हटला तर आठवडा झोप यायची नाही. याचा काका, त्याचा साडू, सगळे दुकानात यायचे. आज त्रेसष्ट गेले आणि मी जेवून झोपलो, तेही दुपारी.

एका नंबरावरून तीन फोन आले. उचलले नाहीत. काढलेल्यांपैकीच कुणीतरी असणार.

१६ नोव्हेंबर

बिराप्पा आला होता. काम काहीच नव्हतं. मी बुलेटच्या सीटला टाके घालत होतो. बस म्हटलं तर बाकावर बसला नाही, बाहेर दगडावर टेकला. चहा सांगितला तर म्हणाला, मला काचंच्या पेल्यात नगं, कागदाच्या कपात द्या. म्हटलं, लय शहरी झालास की रं.

चहा संपल्यावर, “मेस्त्री, त्या पोरीला दिलं का माजं?”

“तुझंच दिलं. कवाच चढवलं.”

“चडवलं?”

“व्हय की. त्याच दिवशी.”

“आनि पोरगी कशी हाय?”

म्हटलं, बरी आहे, जरा ताप आहे तिला दोन दिवस. थंडीचा असंल.

तो तसाच उठला आणि कप हातात चुरगाळून खिशात घातला. टाकायला डबा समोर होता. माणूस सहा वर्षं गप देतो, कधीतरी त्यालाही वाटत असेल दोन शब्द कौतुकाचे ऐकावेत. तेवढ्यासाठीच आला असावा. माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण गिऱ्हाईक उभं होतं.

२ डिसेंबर

सृष्टीला भाऊसोंचं रक्त. पिशवी देऊन झाल्यावर रक्तपेढीच्या दारातच मला धरलं. “बावीस वर्षं फौजेत हजेरी दिली. सुभेदारासमोर दिली. आता टिनपाट यंत्र मला महिन्याच्या महिन्याला एक दाबायला सांगतंय?”

समजावलं. ऐकायला तयार नाहीत. “माणसानं विचारलं तर मध्यरात्री येईन. यंत्राला मी बांधील नाही.” तिथंच उभ्या उभ्या ग्रुप सोडला. जाऊ देत. एक कटकट कमी.

२८ डिसेंबर

मॅडमनी दिलं. आता चार महिने त्यांची सुट्टी, बायकांना जास्त दिवस थांबावं लागतं. बीपी १३४. डॉक्टर खूश. म्हणाले, वहीचा गुण. मी मुकादमाचं नाव सांगितलं नाही.

६ जानेवारी

मी नमाजला गेलो होतो तेव्हा बिराप्पा दुकानात येऊन गेला. आसिया होती. सृष्टीसाठी छोटं घोंगडं ठेवून गेलाय, कागदात बांधलेलं. आसियाला म्हणाला, “विनणाऱ्यानंच बांदून दिलंय. मी हात लावल्याला न्हाई, सांगा त्यास्नी. तरीबी उनात टाका आदी.”

आसिया म्हणते, त्या माणसाला काहीतरी झालंय, गालफडं बसलीत, एकदा विचारा त्याला. म्हटलं, मेंढरांमागं फिरणाऱ्याची गालफडं बसणारच. आता हे घोंगडं विश्रामबागेत सृष्टीच्या घरी नेऊन द्यायचं कामही माझ्याच माथी.

दिलं नेऊन. पोरीनं पांघरूनच घेतलं लगेच.

२० जानेवारी

साईराजनं येऊन रक्त दिलं. पुढच्या महिन्यात त्याची बदली गुडगावला. म्हणजे तोही गेला. त्यानं दर महिन्याला न चुकता १ पाठवलंय, मुकादमाच्या लेखी तो अजून सगळ्यात हजर माणूस.

पुढची पिशवी तेरा फेब्रुवारीला. तेव्हा बिराप्पाचे तीन महिने भरलेले असतात. काळजी नाही.

३ फेब्रुवारी

मुकादमाला विचारलं, ओ निगेटिव्ह, तेरा तारखेला देण्यास पात्र, यादी दे. उत्तर आलं: शून्य.

म्हटलं, हे येडं झालं. बिराप्पाचं नाव घालून बघितलं. ‘हा सदस्य यादीत नाही.’

मग ती त्रेसष्टांची यादी उघडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. एकेचाळिसावं नाव बिराप्पा. ११ नोव्हेंबर. हजेरी दिली नाही.

कशी देणार? त्याला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. मीच या वहीत लिहिलंय, चार पानं मागं. सात तारखेला त्याचं रक्त घेतलं आणि अकराला त्याला हाकललं. आणि तो सोळाला दुकानात आला, तेव्हा मी त्याला ग्रुपाबद्दल एक शब्द बोललो नाही, कारण मला माहीतच नव्हतं. थू माझ्या जिंदगीवर.

फोन लावला. बंद.

५ फेब्रुवारी

फोन बंदच. ग्रुपात मागणी टाकली, सतरा अंगठे आले. एक माणूस नाही. मिरज, कोल्हापूर, साताऱ्याच्या रक्तपेढ्यांना विचारलं. नाही म्हणाले, आली तर कळवू.

संयोगिता येऊन उभी राहिली समोर. आज बोलली. “वाजिदभाऊ, जिना चढताना दोनदा बसली आज.” एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद ठेवून बिराप्पाला शोधायला गेलो. भिलवडीत कळलं, मेंढरं कुंडलकडं सरकलीत. चार वाजता सापडला वाडा. ऊस तुटलेलं मोकळं रान, जाळीत मेंढरं, तीन दगडांच्या चुलीवर त्याची बायको धोंडुबाई भाकरी थापत होती. तिच्या पाठीला तीन-चार वर्षांचं पोरगं लटकलेलं. बिराप्पा त्यांच्यात नव्हता. जाळीच्या पल्याड एकटा बसला होता. त्याची थाळी वेगळी, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं.

धोंडुबाईनं मला बस म्हटलं नाही.

“सृष्टीला रक्त लागतंय,” म्हटलं, “बिराप्पाला घ्यायला आलोय.”

ती भाकरी तव्यात टाकायची थांबली. “आवं, तुमीच काडलं न्हवं त्यास्नी? खराब रगात म्हनून? आनि आता तेच पायजे?”

मला कळेचना. तोवर तो उठून आला, पण सात-आठ हात लांबच थांबला.

“मेस्त्री, पोरगी हाय न्हवं?”

“आहे की. का नसंल?”

त्यानं पटका काढून तोंड पुसलं. मग धोंडुबाईनं सांगितलं. अकरा नोव्हेंबरला मेसेज आला. ज्यांच्या रानात मेंढरं बसली होती त्या पाटलाच्या लेकीकडून वाचून घेतला. यादीतनं नाव काढलं, यापुढं रक्त द्यायला बोलावणार नाही, उत्तर देऊ नका.

“दवाखान्यातली बाई म्हनली हुती,” बिराप्पा म्हणाला, “काय निगालं तर तुमास्नी एकट्यालाच कळवू. चार दिसात आलं की. मला एकट्यालाच. मी म्हनलं, निगालं.”

आणि मग, मान खाली घालून: “तुमी म्हनला पोरीला ताप आलाय. मला वाटलं माज्याच रगतानं.”

मी म्हटलं, अरे बाबा, तपासल्याशिवाय एक थेंब कुणाला चढवत नाहीत. तुला काही झालेलं नाही. तू हजेरीला उत्तर दिलं नाहीस, एवढ्यावर काढलंय.

“मग तसं ल्ह्यायचं हुतं.”

“यंत्रानं काढलं रं.”

“यंत्राला कुनी सांगितलं?”

सांगितलं, मीच. मेसेजही माझाच.

मला वाटलं, आता दगड घेईल. त्यानं घेतला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “तुमी मला बरं वाटावं म्हनून बोलताय. दवाखान्यात जाऊन इचारायची लय भ्या वाटली मला, खोटं कशाला बोलू. तीन म्हैनं दातखीळ बसल्यागत हुतं.”

मी जाऊन त्याची थाळी घेतली. धोंडुबाईपुढं धरली आणि म्हटलं, वाढा. असलं धाडस माझ्यात कधी नव्हतं, पण केलं खरं. तिनं भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा. मी त्यातच खाल्ली. बिराप्पा बघत होता. तरी त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला, तपासू, मग बोलू.

९ फेब्रुवारी

रक्तपेढीत नेलं त्याला. नोव्हेंबरचा कागद काढून घेतला, शिवाय नवीन तपासणी. पाच रोगांच्या पाच ओळी आणि पाचही ठिकाणी काही नाही. बाईनं वाचून दाखवला. तो म्हणाला, परत वाचा. तिनं वाचला. मग माझ्याकडं देऊन म्हणाला, तुमी वाचा.

नंतर म्हणाला, “धोंडीला सांगा फोनवर. माज्यानं न्हाई व्हायचं.”

कुंडलच्या रानमालकाच्या घरी फोन लावून धोंडुबाईला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं, काही नाही, कधीच काही नव्हतं. ती म्हणाली, “तीन म्हैनं पोरगं बापाच्या मांडीवर बसलं न्हाई. यायला लागलं की ह्ये त्येला काठीनं लांब सारायचं. फोन करून सांगाया काय हात मोडला हुता तुमचा?”

हात मोडला नव्हता. मी तसंच सांगितलं.

आणि मग खरी गोष्ट. बिराप्पा बाही वर करून खाटेवर जाऊन पडला. घ्या म्हणाला, आता घ्या. बाईनं बोट टोचलं. हिमोग्लोबिन अकराच्या जरा वर. साडेबारा लागतं. तीन महिने हा माणूस धड जेवलेलाच नाही. रक्त स्वच्छ आहे, पण घेण्याइतकं नाही.

त्याला वाटलं मी पुन्हा काहीतरी लपवतोय. बाईला म्हणाला, “बगा की परत, असंल.” पुन्हा टोचलं. तेवढंच.

एस.टी.त बसवून दिला. खिडकीतून म्हणाला, “चार दिस आदी आला असता तर खाऊन ऱ्हायलो असतो.”

चार दिवसांनी काय होतंय. पण मी व्हय म्हटलं.

११ फेब्रुवारी

परवा संध्याकाळपासून फोनवर आहे. मुकादमाकडून नाही, माझ्या तोंडानं. त्रेसष्टपैकी छप्पन लागले. प्रत्येकाला सांगितलं, नाव का काढलं, चूक कुणाची. एकानं पाऊण तास झाडलं. एक बाई म्हणाली, तिचा नवरा वारल्याला वर्ष झालं, फोन ती वापरते, मेसेज आला तेव्हा तिला वाटलं, चला, ग्रुपाला तरी कळलं. दोघं म्हणाले, आम्हाला वाटलं आता आमची गरज नाही. भाऊसोंनाही केला. ते त्रेसष्टांत नाहीत, तरी केला. त्यांचे तीन महिने भरायला अजून दिवस आहेत, म्हणाले नाहीतर आत्ता निघालो असतो.

बावन्नावा वडूजचा सिद्धू. ओ निगेटिव्ह. वाळूच्या ट्रकवर ड्रायव्हर, नोव्हेंबरभर नागपूरकडं होता. म्हणाला, “काढला म्हणून मी कुणाला काय बोललो न्हाई भाई, पण लागलं हुतं मनाला. किती वाजता येऊ?”

बीपी बघितलं नाही.

१३ फेब्रुवारी

सृष्टीला पिशवी चढली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. संयोगितानं डब्यातलं थालीपीठ दिलं. मी तिला सगळं सांगितलं, बिराप्पाचं, मेसेजचं. वाटलं ती मला बोल लावेल. ती म्हणाली, “तो माणूस माझ्या पोरीसाठी घोंगडं घेऊन आला, तेव्हा त्याला वाटत होतं तिला त्यानंच रोग दिलाय?” आणि आत निघून गेली.

संध्याकाळी मॅडमकडं गेलो. काढायचा नियम बंद केला. पणत्या पुसायचा राहू दे म्हटलं.

१ मार्च

पुन्हा कुंडल. बदाम, गूळ, शेंगदाणे घेऊन गेलो होतो, म्हटलं निदान रक्त भरू दे त्याचं. बिराप्पा चुलीपाशी होता आणि पोरगं त्याच्या मांडीवर. पोरगं अजून जरा बिचकत होतं, मधेच आईकडं बघायचं, बसू का म्हणून. धोंडुबाईनं चहा दिला. लगेच भाकरी थापायला वळली.

मी फोन काढला आणि म्हटलं, बिराप्पा, तुला ग्रुपात परत घेतो. आता कुणी काढणार नाही, नियमच मोडलाय मी.

तो मान हलवत राहिला. “पोरीला लागलं की फोन करा मेस्त्री. मेंढरं टाकून यीन. पर त्यात नगं घालू मला.”

“का रं? आता काही होत नाही.”

“घातलं की काडत्यात,” म्हणाला, आणि पोराच्या तोंडात शेंगदाणा घातला.